मृग बहाराचा ताण

संत्र्याला पाणी न देणे हीदेखील एक मशागतच आहे, हे वरूड-मोर्शीकडच्या कास्तकाराला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु ते पाणी किती काळ तोडावे आणि कोणत्या लक्षणावरून पुन्हा सुरू करावे, याचा निर्णय झाडाकडे न पाहता कॅलेंडरावरून करण्याची जी वहिवाट अलीकडे पडली आहे, तिचा परिणाम आमच्या धुऱ्यापलीकडच्या बगिच्यात मी एका उन्हाळ्यात पाहिला, आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

मे महिन्यात पाणी तोडले म्हणजे झाडाची नवती थांबते, वाढीवर खर्च व्हावयाचे अन्न फांद्यांत साठते, आणि पावसाने ताण मोडताच त्या संचयावर फुले येतात. आंबिया बहाराला थंडीचे साहाय्य असते; मृग बहाराची सारी भिस्त कोरड्या जमिनीवर, आणि म्हणूनच त्यात जोखीम अधिक. प्रत्येक फळझाडाला हा न्याय लागू पडतो असेही नाही. भूमध्य समुद्राकाठच्या ऑलिव्हला कळी धरण्यासाठी हिवाळ्यातील गारठा लागतो, आणि वसंतात तुरे भरत असताना पाणी तुटले तर पुष्कळ फुलांतील स्त्रीकेसर खुंटून ती वांझ राहतात.

शेजाऱ्यांचे शेत सातबाऱ्यावर एक असले तरी जमिनी दोन होत्या: नाल्याकडे खोल काळी, टेकाडाकडे हातभर मातीखाली मुरूम. कोणा औषधविक्रेत्याच्या सल्ल्यावरून त्यांनी दोन्हीकडे एकाच दिवशी पाणी तोडले व एकच मुदत ठरवली. वरच्या तुकड्यातील झाडांनी लवकरच पाने गुंडाळली. खालची मात्र हिरवीगार उभी. ‘भाऊ, वरच्या झाडांना आता हलके पाणी द्या,’ असे मी सुचवले, तर उत्तर मिळाले, ‘मुदत कुठं भरली अजून?’ मुदत भरली तेव्हा विहिरीने तळ गाठला होता आणि मृग नक्षत्र कोरडेच चालले होते. वरच्या झाडांच्या फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. पुढे पाऊस झाला, विहिरीला पाणी आले, आणि धास्तावलेल्या मालकांनी राहिलेली कसर एकदम भरून काढावी म्हणून आळी तुडुंब भरली, तेव्हा दुबळ्या झालेल्या मुळांना ते पाणी मानवले नाही व खोडांवर डिंक्या दिसू लागला. खालच्या तुकड्यात ताण असा बसलाच नव्हता. तिथे नुसती नवती फुटली, फूल औषधापुरतेही नाही. तलाठ्याच्या पंचनाम्यात गारपिटीच्या नुकसानीची नोंद होते. या नुकसानीची कैफियत कोणत्या दफ्तरी मांडावी?

तेव्हा माझे सांगणे एवढेच, की हलक्या जमिनीला सुमारे महिना आणि भारीला 45 ते 60 दिवस हा शिरस्ता केवळ अंदाजापुरता धरावा, आणि एकाच शेतातील दोन पोतांचे तुकडे पाण्याच्या हिशेबात वेगळे मानावेत. पानांचे तेज जाऊन ती फिकी पडली व सुमारे पाव हिस्सा गळाली, की ताण पुरा झाला. त्यापुढचा प्रत्येक दिवस झाडाच्या मुद्दलातून जातो. ज्या झाडावर आंबियाची फळे उभी आहेत त्याला मृगासाठी ताण देऊच नये. दोन्ही बहारांचा लोभ धरणाऱ्याच्या पदरी बहुधा फळगळच पडते.

ताण मोडण्यापूर्वी सल काढून शेणखत द्यावे. पहिले पाणी हलके असावे, मग क्रमाने वाढवावे, आणि खोडाभोवती मातीचे आतले कडे करून दुहेरी आळ्यात ते असे सोडावे की बुंध्याला स्पर्श होणार नाही. फूल उमलल्यापासून फळ वाटाण्याएवढे होईपर्यंत मात्र जमिनीचा ओलावा तुटू देऊ नये. या नाजूक काळात ऑलिव्ह काय आणि संत्रा काय, दोघांचीही प्रकृती सारखीच. पाऊस लांबला तर ताण मोडण्यासाठी आणि नंतरच्या एक-दोन पाळ्यांसाठी विहिरीत पाणी उरेल की नाही, हे एप्रिलमध्येच दोर सोडून पाहावे; उरणार नसेल तर त्या वर्षी मृगाचा नाद सोडावा, असेल ते थोडे पाणी झाडे जगवण्यास राखावे आणि बहार आंबियाचाच धरावा.