दयेला नियमाची जोड

ऑगस्ट १६१७. फ्रान्समधील शातियों गावात पवित्र मिस्साची तयारी करताना धर्मगुरू व्हिन्सेंट डी पॉल यांना कळले, की गावाबाहेरच्या एका घरातील सारी माणसे आजारी आहेत आणि त्यांना पाहणारे कोणी नाही. त्यांनी प्रवचनात त्या कुटुंबासाठी कळकळीचे आवाहन केले. दुपारी ते स्वतः निघाले, तर वाटेवर मदत घेऊन जाणाऱ्या-येणाऱ्यांची रीघ लागलेली! त्यांना आनंद झाला, पण चिंताही वाटली. आजचे हे अन्न नासून जाईल आणि उद्या ते घर पुन्हा उपाशी राहील.

म्हणून त्यांनी गावातील स्त्रियांचा सेवासंघ उभारला आणि त्याला नियम घालून दिले. प्रत्येकीने पाळीपाळीने एकेक दिवस घ्यावा, जेवण रांधून रुग्णाला प्रेमाने वाढावे, पैशांचा हिशेब ठेवावा. एक नियम तर विशेष आहे : ज्या रुग्णाजवळ कोणी आहे त्याच्याकडे आधी जावे, एकट्या रुग्णाकडे शेवटी, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येते.

पुढे १८३३ साली पॅरिसमध्ये २० वर्षांचे विद्यार्थी फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या मित्रांनी हाच धडा गिरवला. त्यांच्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आजही गरिबांच्या घरी जाऊन त्यांची भेट घेतात.

दानपेटीतील पैसा हवाच. परंतु उत्साह ओसरल्यावरही ठरल्या दिवशी दार वाजवणारे कोणीतरी लागते.

विचार करू या : आपल्या आळीत एकटे, आजारी कोण आहे? त्यांच्यासाठी आठवड्यातील कोणता वार मी देऊ शकतो?