शाखा अनेक, दूरध्वनी-जाळे एक

तापीकाठचे सुरत शहर हिरे आणि कापड या दोन व्यवसायांसाठी प्रसिद्ध आहे. कारखाना सुरतेत, विक्रीची पेढी मुंबईत आणि गोदाम नंदुरबारला, अशी एखाद्या व्यवसायाची मांडणी असली की मालाइतकीच निरोपांचीही ने-आण अखंड चालू ठेवावी लागते. अशा विखुरलेल्या शाखा कंपनीच्या इंटरनेट दूरध्वनी-जाळ्याला कशा जोडल्या जातात आणि जोडताना कोणती दक्षता घ्यावी लागते, याची माहिती सहकारी संस्था, शाळा व स्थानिक कार्यालये यांनाही उपयुक्त ठरेल.

ट्रंक कॉलपासून इंटरनेटपर्यंत

भारतात १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कोलकाता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. १९६० साली लखनौ व कानपूर यांच्या दरम्यान ग्राहकाला स्वतः परगावचा क्रमांक फिरविण्याची सोय झाली. तत्पूर्वी, आणि अनेक गावी त्यानंतरही पुष्कळ वर्षे, ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास भारतात १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात परवानगी मिळाली.

जुन्या पद्धतीत दोन व्यक्ती बोलत असेपर्यंत त्यांच्यासाठी एक मार्ग राखून ठेवलेला असे. इंटरनेट दूरध्वनीत आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते व त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. सामान्यतः एका सेकंदाला असे ५० तुकडे रवाना होतात आणि पलीकडचे यंत्र ते क्रमाने जुळवून पुन्हा आवाज निर्माण करते. बैलगाड्यांच्या रांगेतून धान्य पाठवावे, तसाच हा प्रकार. मात्र गाड्या क्रमाने व वेळेवर पोहोचल्या पाहिजेत. आवाजाला एका बाजूकडून दुसरीकडे पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. विलंब फार वाढला तर दोघेही एकाच वेळी बोलू लागतात व संभाषण विस्कटते.

जोडणीचे टप्पे

प्रथम प्रत्येक शाखेत एकाच वेळी किती संभाषणे होतील, याचा अंदाज घ्यावा. प्रचलित पद्धतीत एका संभाषणास प्रत्येक दिशेने सुमारे ९० किलोबिट प्रतिसेकंद क्षमता लागते. म्हणजे दहा संभाषणांना जवळजवळ एक मेगाबिट. ही क्षमता आवाजासाठी राखून ठेवावी, अन्यथा कोणी मोठी चित्रफीत पाठविताच बोलणे तुटू लागते.

त्यानंतर क्रमांकांची आखणी करावी. उदाहरणार्थ, सुरतेला २०० पासून, मुंबईला ३०० पासून व नंदुरबारला ४०० पासून क्रमांक दिले की नंदुरबारचा कारकून तीन आकडे दाबून सुरतेच्या हिशेबनिसाशी बोलू शकतो. मुख्यालयातील संगणकीय विनिमय यंत्र ही जोडणी करून देते. जुने दूरध्वनी संचही एका लहान जोडयंत्राद्वारे वापरता येतात. यंत्रासोबत आलेले मूळ परवलीचे शब्द मात्र तत्काळ बदलावेत; ते तसेच ठेवल्यास भामटे रात्रीतून परदेशी कॉल करून मोठे बिल मालकाच्या माथी मारतात.

कायद्याची मर्यादा

स्वतःच्या शाखांनी आपापसांत बोलणे निराळे आणि परदेशातून इंटरनेटवर आलेले इतरांचे कॉल स्थानिक दूरध्वनीवर वळवून देणे निराळे. परवान्याविना असे केंद्र चालविणे हा गुन्हा आहे. बाहेरच्या जगाशी जोडणी परवानाधारक कंपनीकडूनच व तिच्या अटींनुसार घ्यावी.

एका धाग्यावर किती भार?

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे तापीला महापूर आला आणि सुरतेचा बहुतांश भाग जलमय झाला. या घटनेपासून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. विनिमय यंत्र मुख्यालयाच्या तळमजल्यावर ठेवले आणि तेथे पाणी शिरले, तर पाण्याचा थेंबही न पाहिलेली मुंबईची व नंदुरबारची शाखा मुकी होईल. जाळ्याने शाखा एकत्र येतात, तशाच त्या एकाच संकटातही सापडतात.

यास्तव यंत्र वरच्या मजल्यावर ठेवावे व त्याची दुसरी प्रत अन्य शहरात सज्ज असावी. जुन्या तारेच्या दूरध्वनीस केंद्राकडूनच वीज मिळे. इंटरनेट दूरध्वनी स्थानिक विजेवर चालतो. म्हणून प्रत्येक शाखेत बॅटरीची सोय अत्यावश्यक ठरते. इंटरनेटची दुसरी जोडणी निराळ्या कंपनीकडून व शक्यतो निराळ्या मार्गाने घ्यावी.

आणखी एक बाब सहज नजरेआड होते. नंदुरबार महाराष्ट्रात, तर सुरत गुजरातेत. नंदुरबारच्या शाखेत आग लागली आणि कर्मचाऱ्याने ११२ क्रमांक लावला, पण तो कॉल सुरतेच्या मुख्यालयातून बाहेर पडला, तर मदतीची हाक गुजरातच्या नियंत्रण कक्षात जाण्याचा संभव असतो. पत्ता समजावून सांगण्यात मोलाची मिनिटे जातील. म्हणून प्रत्येक शाखेत स्थानिक दूरध्वनी अथवा मोबाइल ठेवावा आणि पोलीस, अग्निशमन व रुग्णालय यांचे स्थानिक क्रमांक भिंतीवर ठळकपणे लावावेत.

जोडणी पूर्ण झाल्यावर एके दिवशी मुख्यालयातील यंत्र मुद्दाम बंद करून पाहावे. त्या वेळीही प्रत्येक शाखा बाहेर बोलू शकली, तरच जाळे पक्के झाले असे समजावे.