भाजण्याचे अपघात : म्हसावद परिसरातील कारणे व प्रतिबंध

शेतीत बियाणे, खत व पाणी यांइतकेच महत्त्व राबणाऱ्या हातांना आहे. हात खोलवर भाजला तर जखम भरून आल्यावरही कातडी आखडते, बोटे वाकडी होतात व विळा धरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,८०,००० माणसे भाजून दगावतात व त्यांतील बहुतेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात. भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. यांपैकी बरेचसे अपघात टाळता येण्यासारखे असतात.

प्रदेशानुसार कारणे

भाजण्याची कारणे त्या त्या भागातील पीक, घर व इंधन यांवर अवलंबून असतात. शहादा तालुक्यातील म्हसावद हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले असल्यामुळे येथे मैदान व डोंगर अशा दोन्ही भागांतील कारणे लक्षात घ्यावी लागतात.

मैदानी भागात ऊस, कापूस व केळी ही बागायती पिके होतात. तेथे पाचट जाळताना वारा फिरून आग अंगावर येणे, मोटारीच्या उघड्या तारांना हात लागणे व गुऱ्हाळात उकळता रस अंगावर उडणे हे धोके मुख्य होत. गुळाचा पाक पाण्याहून अधिक तापतो व कातडीस चिकटून राहतो, म्हणून त्याची जखम खोल असते.

डोंगराळ भागात थंडीतील शेकोटी, कुडाची व गवताने शाकारलेली घरे आणि मोहाच्या झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची रीत ही कारणे महत्त्वाची होत. मोहफुले वेचण्यापूर्वी लावलेली ही आग वाऱ्याने जंगलात व वस्तीत शिरते.

दोन्ही भागांत समान धोका चुलीचा आहे. जमिनीलगतच्या चुलीपाशी रांगणारे मूल व स्त्रीचा पदर यांना नित्य भय असते. कृत्रिम धाग्याचे वस्त्र वितळून अंगास चिकटते. वेचलेला कापूस राहत्या घरात साठविल्यास एक ठिणगीही पुरते.

प्रतिबंधक उपाय

१. पाचट जाळू नये. त्याची कुट्टी करून दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक वापरावे. यामुळे आगीचा धोका टळतो व जमिनीस सेंद्रिय खत मिळते.

२. मोहाखालील पाला झाडून घ्यावा किंवा झाडाखाली जाळी अंथरावी.

३. चूल ओट्यावर घ्यावी. कापूस चुलीपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवावा.

४. चिमणी वापरावी लागल्यास ती बुटकी, जड बुडाची व घट्ट झाकणाची असावी. श्रीलंकेतील शल्यविशारद डॉ. विजया गोडाकुंबुरा यांनी याच तत्त्वावर सुरक्षित दिवा तयार केला. त्याच्या चपट्या बाजूंमुळे तो कलंडला तरी गडगडत नाही व मळसूत्री झाकणामुळे तेल सांडत नाही.

५. मोटारीची जोडणी जाणत्या तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी.

भाजल्यास काय करावे

कपडे पेटल्यास धावू नये. जमिनीवर लोळावे किंवा जाड सुती कापडाने आग विझवावी. भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ लावू नये. शाई, हळद, शेण, तेल वा दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये, कारण त्याने जखम चिघळते. फोड फोडू नयेत. अंगठी व बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, परंतु कातडीस चिकटलेले कापड ओढू नये. जखम स्वच्छ सुती कापडाने झाकावी.

विजेचा धक्का बसल्यास प्रथम प्रवाह बंद करावा. तोपर्यंत त्या माणसास स्पर्श करू नये. विजेची जखम बाहेरून लहान दिसली तरी आतील मांस व हृदय यांस इजा झालेली असू शकते. त्यामुळे अशा प्रत्येक रुग्णास दवाखान्यात नेणे अवश्य आहे.

रुग्णाचा तळहात बोटांसह त्याच्या शरीराच्या सुमारे १ टक्का असतो. या मापाने भाजलेल्या भागाचा अंदाज घेऊन तो १०८ क्रमांकावर कळवावा. लहान मूल, चेहरा, हात, सांधे वा गुह्य भाग भाजल्यास मापाची वाट न पाहता रुग्णास दवाखान्यात न्यावे.

ग्रामसेवकांनी ऊसतोड व मोहफुलांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक पाड्यावर या उपायांचे प्रात्यक्षिक दाखवावे. चुलीपाशी वावरणाऱ्या स्त्रियांना त्यात आवर्जून बोलवावे.