शिकत राहिलेला गोलरक्षक

फुटबॉलमध्ये प्रत्येक संघात ११ गडी असतात. त्यांतला एक गोलरक्षक. तो हाताने चेंडू अडवतो. त्याने दहा चेंडू अडवले, तर कोणी फारसं बोलत नाही. एक सुटला, की सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात!

अशाच एका गोलरक्षकाची ही हकिगत आहे. त्याचं नाव नायजेल ॲडकिन्स. इंग्लंडात मर्सी नदीच्या काठी बर्कनहेड हे गाव आहे. तिथे १९६५ साली त्याचा जन्म झाला. गावच्याच ट्रॅनमिअर रोव्हर्स संघात तो खेळू लागला. पुढे विगन संघात तो १९९३ पर्यंत खेळला.

तुम्ही म्हणाल, खेळाडूचं खेळणं थांबलं, की पोटापाण्याचं काय?

ॲडकिन्स वेल्समधल्या बँगर सिटी संघाचा मॅनेजर झाला. मॅनेजर म्हणजे गडी निवडणारा, डाव ठरवणारा माणूस. १९९४ आणि १९९५ साली या संघाने वेल्सची लीग जिंकली.

पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने फिजिओथेरपीचा अभ्यास केला आणि सॅलफर्ड विद्यापीठाची पदवी मिळवली. दुखावलेले स्नायू व सांधे व्यायामाने, उपचाराने पूर्ववत करणं, असं हे शास्त्र आहे. स्कंथॉर्प युनायटेड संघात तो फिजिओ म्हणून नोकरी करू लागला. कोणी गडी पडला, की औषधाची पिशवी घेऊन धावायचं, हे त्याचं काम!

२००६ साली तिथला मॅनेजर दुसऱ्या संघाकडे गेला. ती जागा ॲडकिन्सला मिळाली. फिजिओ संघ चालवणार? होय, त्याने चालवला. इंग्लंडात लीगच्या पायऱ्या असतात. २००७ साली स्कंथॉर्प तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढला. २००८ साली संघ पुन्हा खाली घसरला. ॲडकिन्सने धीर सोडला नाही. २००९ साली संघ परत वर आला.

२०१० साली त्याला साउथहॅम्प्टन संघाने बोलावलं. तोही तिसऱ्याच पायरीवर होता. २०११ साली एक पायरी, २०१२ साली आणखी एक. संघ थेट प्रीमियर लीगमध्ये पोचला!

मग त्याचा सत्कार झाला असेल, नाही का? जानेवारी २०१३ मध्ये त्याला कामावरून काढलं. दोनच दिवस आधी त्याच्या संघाने चेल्सीसारख्या बलाढ्य संघाशी २-२ अशी बरोबरी केली होती. मॅनेजरची नोकरी अशीच बेभरवशाची असते.

पण अंगी विद्या होती. त्याच वर्षी रेडिंग संघाने त्याला घेतलं. पुढे त्याने आणखी काही संघ सांभाळले. २०२३ साली तो आपल्या पहिल्या संघाचा, ट्रॅनमिअरचा, मॅनेजर झाला. २०२५ पर्यंत तो तिथे होता.

नोकरी दुसऱ्याच्या हाती असते. शिकलेलं मात्र आपलंच राहतं.

सांगा पाहू :
१. ॲडकिन्सने कोणतं शास्त्र शिकून घेतलं?
२. २००८ साली संघ घसरल्यावर त्याने काय केलं?
३. तुम्हांला कोणतं नवं काम शिकावंसं वाटतं? दोन ओळी लिहा.