घराचीही बांधणी करा
(सभासद शिक्षणमाला : रात्री-अपरात्रीच्या अडचणींची स्वस्तातली तयारी)

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि पाचट यांविषयी लिहितो. आजचा धडा उसाचा नाही, ऊस लावणाऱ्या घराचा आहे. असा धडा का घ्यावासा वाटला, ते आधी सांगतो.

मागल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गटातले एक सभासद रात्री बारा वाजता खोडव्याला पाणी द्यायला गेले. वीज रात्रीच्या पाळीची होती. घरातली बॅटरी बंद पडलेली, म्हणून मोबाईलच्या उजेडात निघाले. सरीत पाचट होते. पाय पडला आणि घोणस चावली. कसेबसे चालत घरी आले. पुढचा पाऊण तास घरात काय झाले ते ऐका. मोटारसायकलची किल्ली सापडेना. सापडली तर टाकीत पेट्रोल नाही. शेजाऱ्याला उठवले, त्याची गाडी आली, पण कुठल्या दवाखान्यात जायचे यावर वाद. कोणी म्हणाले, आधी देवऋष्याकडे न्या. तिथे तासभर गेला. मग ओळखीच्या खासगी दवाखान्यात गेले, तिथे औषध नाही, तिथून शहरात. तोवर लघवी बंद झाली होती. मूत्रपिंडावर परिणाम झाला, डायलिसिस करावे लागले. सतरा दिवसांनी माणूस घरी आला. जीव वाचला, पण दुभती म्हैस विकली गेली आणि 40 हजार रुपये शेकडा 5 रुपये महिन्याने काढावे लागले. म्हणजे महिन्याला 2 हजार रुपये नुसते व्याज. पहिली उचल हाती येईपर्यंत चार महिन्यांत 8 हजार व्याजात गेले.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "साहेब, पाचट जाळू नका म्हणालात, आम्ही नाही जाळलं. पण पाचटात रात्री जाताना काय घेऊन जायचं, हे कुणी सांगितलंच नाही बघा."

हे आम्हाला लागले, कारण ते खरे होते. पाचट ठेवाच, त्याने ओल टिकते आणि जमीन सुधारते, हे आजही सांगतो. पण पाचटात उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो, हेही त्याच दमात सांगायला हवे होते. ती चूक आज थोडी भरून काढतो.

धड्याचे सूत्र

अडचण येते तेव्हा आपण नवे काही शिकत नाही. जे आधी हाताशी ठेवलेले असते तेच कामाला येते. आपण बेणेमळा आदल्या वर्षी करतो, लागणीच्या दिवशी बेणे शोधत फिरत नाही. घराचेही तसेच आहे. यासाठी फार पैसा लागत नाही. चार गोष्टी लागतात : एक पेटी, थोडी रोकड, जपलेले कागद आणि घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली रीत.

1. पेटी

घरात एखादी जुनी पत्र्याची पेटी असतेच. ती रिकामी करून दाराजवळ, पण पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी. कुलूप लावू नये. आम्ही तालुक्याच्या बाजारात साधारण भाव काढला तो असा :

चार्जिंगची चांगली बॅटरी – 300 रु.
चार इंची इलॅस्टिक पट्ट्या, 2 – 250 रु.
जलसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे, 5 – 110 रु.
कापूस, गॉज, चिकटपट्टी – 100 रु.
जखमेचे जंतुनाशक औषध – 80 रु.
पाणी शुद्धीकरणाचे औषध – 50 रु.
कागदांसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी – 50 रु.
तापाच्या गोळ्या – 20 रु.
शिट्टी – 20 रु.
मेणबत्त्या व काडेपेटी – 20 रु.
एकूण – 1,000 रु.

भाव गावोगाव थोडे मागेपुढे होतील. एकदम जमत नसेल तर बॅटरी आणि जलसंजीवनी आधी घ्या, बाकीचे दर बाजाराला एकेक जिन्नस. जलसंजीवनीचे एक पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळावे, तांब्याभर पाण्यात अर्धे पाकीट असा अंदाजपंचे कारभार नको. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, लहान. साखर तर आपल्या घरात आपल्याच कारखान्याची आहे! जुलाब सुरू झाल्यावर, विशेषतः लहान पोराला, हे पाणी थोडे थोडे देत राहावे. बाळ सुस्त पडले, डोळे खोल गेले, पाणीही पोटात ठरेना, तर मात्र दवाखाना गाठावा.

पेटीत नसलेल्या दोन वस्तू दाराशी हव्यात : काठी आणि गमबूट. रात्री पाण्याला जाणाऱ्याने या दोन्हींशिवाय उंबरा ओलांडू नये. काही फीडरवर आता दिवसा वीज मिळू लागली आहे, पण बऱ्याच ठिकाणी रात्रीची पाळी सुटलेली नाही. आणि गाडीत एक लिटर पेट्रोल कायम शिल्लक असावे. पेट्रोल बाटलीत भरून घरात मात्र ठेवू नये, ती दुसऱ्या संकटाची तयारी होईल.

2. रोकड

आपल्याकडे पैसा बिलाला येतो आणि सोसायटी, दुकान, मजुरी यांत त्याच आठवड्यात वाटला जातो. मधले महिने कोरडे. सबब, पैसा वाटण्याआधीच थोडा बाजूला काढावा. दीड एकर ऊस असलेला सभासद साधारण 60 टन घालतो असे धरू. टनामागे 50 रुपये बाजूला काढले तर 3 हजार रुपये होतात. पहिल्या वर्षी त्यातले 1 हजार पेटीला, 2 हजार रोख. दुसऱ्या वर्षी पुरे 3 हजार त्यात घाला, म्हणजे 5 हजार झाले. यातले हजारभर रुपये सुट्या नोटांत पेटीत, बाकीचे घरच्या लक्ष्मीच्या नावे बँकेत. या पैशाला सणाला, पाहुण्याला, खताच्या पोत्यालाही हात लावायचा नाही. मोडला तर पुढच्या बिलातून आधी तो भरायचा. 5 हजाराने दवाखाना भागत नाही, हे खरे. पण गाडी निघते, पहिली औषधे येतात आणि रात्री दोन वाजता सावकाराचे दार वाजवावे लागत नाही.

याला जोड विम्याची. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. वय 18 ते 70. हप्ता खात्यातून मे अखेरीस कापला जातो, म्हणून तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक हवी. एका चहाच्या पैशासाठी विमा बंद पडलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

3. कागद

सातबारा, आठ अ, आधार, शिधापत्रिका, बँक पासबुक, कारखान्याचे शेअर सर्टिफिकेट, विम्याच्या पावत्या यांच्या झेरॉक्स प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवाव्यात. प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोन मोबाईलमध्ये असावा. वारसनोंद झाली आहे का, तेही पाहावे.

कागद कशाला? दोन कारणे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांवर, योजनेतल्या रुग्णालयात, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. रुग्णालयात पोचताच आरोग्यमित्राला विचारावे आणि शिधापत्रिका व आधार दाखवावे. दुसरे, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील एक सदस्य, वय 10 ते 75, यांचा सर्पदंश, विजेचा धक्का, वीज पडणे अशा अपघातात मृत्यू झाला तर 2 लाख रुपये मदत आहे. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. दुःखात कोणाला सुचत नाही आणि मुदत निघून जाते. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन झालेले नसेल तर पुढे कागद अडतो, हेही लक्षात असू द्या.

4. रीत

वस्तू असून रीत माहीत नसेल तर उपयोग नाही.

साप चावला तर : माणसाला चालू-पळू देऊ नये. जोडवी, पैंजण, बांगड्या, अंगठी काढाव्यात, कारण सूज येते. चावलेला भाग फळी किंवा काठीला सैल कापडाने बांधून हलणार नाही असा ठेवावा. आवळून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडाने ओढू नये, देवऋष्याकडे जाऊ नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून नेण्याची गरज नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखत फारसे नाही. पहाटे पोटात दुखून पापण्या जड होऊ लागल्या तर शंका घ्यावी. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष असते आणि रात्री डॉक्टर असतात, हे याच आठवड्यात जाऊन विचारून या. त्या रात्री वाद झाला तो याच प्रश्नावर.

विजेचा धक्का बसला तर : चिकटलेल्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे. मोटारीच्या पेटीला अर्थिंग आहे का, हे पावसाळ्याआधी वायरमनकडून तपासून घ्यावे.

औषध अंगावर गेले किंवा पोटात गेले तर : 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते विसरू नये. अंगावर गेले तर कपडे काढून साबणाने भरपूर धुवावे. पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. औषधाची बाटली लेबलासकट डॉक्टरांकडे न्यावी. थंड पेयाच्या बाटलीत तणनाशक ठेवण्याची सवय आजच मोडा.

भाजले तर : वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये.

गॅसचा वास आला तर : बटण चालूही करू नये, बंदही करू नये. रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या उघडी, सगळे बाहेर. मग 1906 ला फोन.

नदीकाठच्या सभासदांसाठी थोडे जास्त. 2005, 2019 आणि 2021 चे पूर कृष्णा-पंचगंगाकाठाने पाहिले आहेत. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. कृष्णेची सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 आणि 45 फूट आहे. या आकड्यांवर आपल्या दारात पाणी कुठे येते, ही खूण म्हाताऱ्या माणसांना विचारून भिंतीवर करून ठेवा. इशारा पातळीलाच जनावरे हलवा. पाणी अंगणात आल्यावर दावे सोडायलाही वेळ मिळत नाही. घर सोडताना मेन स्विच बंद करा आणि पेटी बरोबर घ्या.

भिंतीवरचा कागद

मोबाईलमध्ये नंबर असतात, पण मोबाईल बंद पडतो किंवा म्हातारीला उघडता येत नाही. म्हणून मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा : रुग्णवाहिका 108, कोणतेही संकट 112, गॅस 1906. त्याखाली चारचाकी असलेले दोन शेजारी, सरकारी दवाखाना, आशाताई आणि वायरमन यांचे नंबर.

केव्हा तपासावे

वर्षातून दोनदा. मोठ्या बांधणीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, आणि पहिली उचल हाती येईल तेव्हा. गोळ्यांची तारीख, बॅटरीचे चार्जिंग आणि रोकड पाहायची. बॅटरी मात्र दर बाजारच्या दिवशी चार्ज करायची.

स्वाध्याय

आज रात्री जेवणे झाल्यावर घरातले दिवे पाच मिनिटे बंद करा आणि विचारा : बॅटरी कुठे आहे? गाडीची किल्ली कुठे आहे? कोणत्या दवाखान्यात जायचे? घरातल्या सर्वांत लहान शाळकरी पोराला उत्तरे देता आली तर तुमचे घर पास. नाही आली तर कामाला लागा.

पुढच्या महिन्यापासून आमचे गट कर्मचारी ऊस नोंदीला येतील तेव्हा सरीतले अंतर जसे विचारतील तसेच बॅटरीही दाखवा म्हणतील. कोणी राग मानू नये. ज्या सभासदांची हकिकत वर सांगितली, त्यांच्या दाराशी आता गमबूट आणि काठी आहे, खुंटीला बॅटरी आहे. लिहायला त्यांनीच परवानगी दिली. म्हणाले, "लिवा साहेब, माझं नाव नको, पण लिवा. दुसऱ्याची म्हैस तरी राहील."

आपला,
ऊस विकास अधिकारी