थर्मोस्टॅटवरही लक्ष हवं

साप पाळणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आवर्जून सांगतो: थर्मोस्टॅट लावाच, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

आमच्या लेस्टरच्या घरात रॉयल पायथन आहे. हा आफ्रिकेतला लहान अजगर पाळायला इंग्लंडमध्ये परवाना लागत नाही. (भारतात मात्र आपला अजगर, नाग किंवा घोरपड पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.) सापाला ऊब बाहेरूनच मिळवावी लागते. म्हणून पेटीचं एक टोक ३१-३२ अंशांवर आणि दुसरं २५-२६ अंशांवर ठेवायचं. त्याला हवं तिकडे तो सरकतो.

एका हिवाळ्यात सकाळी तो पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसलेला दिसला. कात टाकायच्या आधी साप कधीकधी पाण्यात बसतात, पण त्याने तर नुकतीच कात टाकली होती. थर्मोस्टॅट ३१वर होता आणि त्याचा दिवाही विझलेला, म्हणजे हीटर बंद असायला हवा होता. पेटीतल्या वेगळ्या थर्मामीटरवर आकडा होता ४१! थर्मोस्टॅटच्या आतल्या रिलेचे संपर्क चिकटून बसले होते आणि सिरॅमिक हीटरला वीज मिळतच होती. पेटी लांब होती आणि दुसरं टोक थंड राहिलं होतं, म्हणून साप वाचला. आखूड पेटीत त्याला पळायला जागाच उरली नसती.

तेव्हापासून आमच्याकडे दोन थर्मोस्टॅट एकामागे एक जोडलेले असतात. भिंतीकडचा दुसरा ३५वर लावलेला. पहिला अडकला तर हा वीज तोडतो. कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर वेगळा ठेवा आणि रोज सकाळी रात्रीचा कमाल आकडा बघा. महिन्यातून एकदा थर्मोस्टॅट मुद्दाम खाली आणा आणि पेटी खरोखर थंड होते का, ते तपासा.

थर्मोस्टॅटच्या प्रोबची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या टोकाचीही तितकीच काळजी घ्या. थर्मोस्टॅटला फक्त प्रोबपाशी किती ऊब आहे तेवढंच कळतं. प्रोब पेटीबाहेर निसटला किंवा पाण्याने भिजला, तर त्याला सगळं थंडच वाटतं आणि हीटर तापतच राहतो. प्रोब गरम टोकाला क्लिपने पक्का बसवा.

हीटरनुसार थर्मोस्टॅट निवडा: हीट मॅटला ऑन-ऑफ, सिरॅमिकला पल्स, उष्णतेच्या बल्बला डिमिंग. यूव्हीबी ट्यूब थर्मोस्टॅटवर नको, टायमरवर लावा. पेटीतल्या बल्बला आणि सिरॅमिकला जाळी हवीच. साप तापलेल्या वस्तूला विळखा घालून भाजला तरी बाजूला होईलच, असा भरवसा धरू नका.

दुसरा थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर यांचा खर्च जास्तीचा वाटेल. पण पेटीचं दार सापाला आतून उघडता येत नाही. आत किती तापलंय, हे बघायची जबाबदारी आपलीच आहे.