पावसाळ्यांतील पंखांचे किडे व आपलें घर

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला आहे, माती भिजली आहे, वारा थांबला आहे आणि दिवेलागणीची वेळ झाली आहे. अशा वेळीं अभ्यासास बसलेल्या मुलाच्या पुस्तकावर एक किडा टपकन् पडतो. मग दुसरा, मग दहा, आणि पाहतां पाहतां दिव्याभोंवतीं शेंकडों पंख भिरभिरूं लागतात. आमटींत पंख, भातांत पंख, अंथरुणावर पंख! आई दिवा मालवते आणि त्या रात्रीचा अभ्यास तेथेंच राहतो. हे किडे कोण, ते येतात कां, व त्यांस घराबाहेर ठेवण्याचे उपाय कोणते, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुष्कळ लोक यांस पंख फुटलेल्या मुंग्या समजतात. परंतु पहिल्या पावसानंतर अशा झुंडीनें येणारे हे किडे बहुधा वाळवीचे असतात. वाळवी दिसण्यांत मुंगीसारखी असली तरी तिचें खरें नातें झुरळाशीं आहे. भेद ओळखणें अवघड नाहीं. एक मेलेला किडा कागदावर घेऊन भिंगाखालीं पाहावा. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वांकलेल्या व पुढचे पंख मागच्यांपेक्षां मोठे असतात. वाळवीची कंबर बारीक नसते, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात आणि चारही पंख जवळ जवळ सारखे असतात.

वाळवीच्या वसाहतींत राजा, राणी, कामकरी व शिपाई असे वर्ग असतात. पंखांचे किडे हे त्या वसाहतींतील तरुण नर व माद्या होत. ते जमिनीखालीं पावसाची वाट पाहत थांबतात. पाऊस पडला कीं माती मऊ होते व हवा दमट होते. त्यामुळें त्यांचें नाजुक शरीर सुकत नाहीं आणि नवें बीळ खणणें सोपें जातें. अनेक वसाहतींतून एकाच संध्याकाळीं उड्डाण होतें, म्हणून निरनिराळ्या घरट्यांतील जोडीदार एकमेकांस भेटतात. जमिनीवर उतरल्यावर पंख मुळाजवळच्या ठराविक रेषेवर गळून पडतात. मग मादी पुढें व नर तिच्या मागें अशी जोडी बिळासाठीं जागा शोधीत निघते. यांतील बहुतेक किडे पक्षी, बेडूक, पाली व मुंग्या यांच्या पोटांत जातात. लाखांतून थोड्याच जोड्या नवें घर वसवितात. तरंगमबाडी येथील डॅनिश मिशनचे वैद्य योहान गेरहार्ड कोनिग यांनीं दक्षिण भारतांतील वाळवीचें वर्णन १७७९ सालींच प्रसिद्ध केलें होतें.

हे उडते किडे चावत नाहींत व त्या रात्रीं आपलें लांकूडही खात नाहींत. तेव्हां घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु दुर्लक्ष करण्याचेंही नाहीं. हें आम्हांस फार किंमत देऊन शिकावें लागलें.

आमचे वडील खेड्यांत शिक्षक होते. रोज किती पाऊस पडला, कोणतें झाड कधीं फुललें, पेरणी केव्हां झाली, हें ते वर्षानुवर्षें वह्यांत लिहीत असत. त्यांच्या पश्चात् त्या वह्या एका लांकडी पेटींत भिंतीशीं ठेविल्या होत्या. एका पावसाळ्यांत संध्याकाळीं, खिडक्या बंद असतां व दिवा लागलेला नसतां, त्याच खोलींत चौकटीपाशीं पंखांचा लहानसा ढीग आम्हांस दिसला. आम्हीं तो केरसुणीनें लोटून दिला व विसरून गेलों. पुढल्या वर्षीं दिवाळीच्या आवराआवरींत पेटी उघडली. वरून ती धडधाकट होती. आंत माती आणि कागदाचा चुरा होता. दोनच वह्या हातीं लागल्या. आमच्या मातोश्रींनीं त्या पदरानें पुसल्या व कांहीं न बोलतां उशाशीं ठेविल्या.

त्या दिवसापासून आम्ही एक भेद कधीं विसरत नाहीं. बाहेरून दिव्याकडे आलेले किडे हे एका रात्रीचे पाहुणे होत. परंतु भिंतींतून, जमिनीच्या भेगेंतून अथवा चौकटींतून पंखांचे किडे निघाले, तर वाळवीचें ठाणें घराखालीं किंवा घरांतच आहे असें समजावें.

पाहुण्यांसाठीं उपाय सोपे आहेत. पहिल्या पावसाच्या संध्याकाळीं दिवस मावळण्यापूर्वींच दारें-खिडक्या लावाव्या. दाराखालच्या फटींत जुन्या कापडाची गुंडाळी सरकवावी. खिडक्यांस बारीक जाळी बसवावी. समोरच्या खोलीचा दिवा तासभर बंद ठेवावा. पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे किडे अधिक ओढले जातात, म्हणून ओटीवर पिवळसर दिवा बरा. दारापासून दूर अंगणांत एक दिवा ठेवून त्याखालीं साबणाच्या पाण्याची परात ठेविली तर बरेच किडे तींत पडतात. अन्न झांकून ठेवावें. अन्नाजवळ व मुलांजवळ विषारी औषध मात्र फवारूं नये. सकाळीं झाडून घेतलें म्हणजे काम भागतें.

ठाण्यासाठीं निराळी दक्षता हवी. भिंतीवर मातीच्या नळीसारख्या रेघा दिसतात काय तें पाहावें. उघड्या हवेंत सुकूं नये म्हणून कामकरी वाळवी अशा झांकलेल्या वाटेनें जाते. नळी थोडी मोडून ठेवावी. दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां बांधलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे. गळके नळ व ओल आधीं दुरुस्त करावी. सरपण भिंतीस लावून रचूं नये. पुस्तकांचें कपाट भिंतीपासून वीतभर पुढें ओढावें व महिन्यांतून एकदां पुस्तकें हलवावीं. चौकट ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर वरवर रंग न लावतां जाणत्या माणसाकडून जमिनीपर्यंत उपाय करवावा. या कामीं पालकांनीं आळस करूं नये, अशी आमची विनंती आहे.

विद्यार्थीमित्रांस शेवटीं एक काम सांगतों. यंदा पहिली झुंड कोणत्या तारखेस आली, त्यापूर्वीं पाऊस केव्हां पडला, किडे बाहेरून आले कीं आंतून निघाले, हें वहींत लिहून ठेवा. पुढल्या वर्षीं पुन्हां लिहा. आणि ती वही भिंतीशीं ठेवूं नका.